गणबाजींनी सोडलेला डोह

मासे धरायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःला गळाला हात लावायची बंदी होती. बंदी सरकारची नव्हती, देवस्थानाची नव्हती, जातपंचायतीची तर नव्हतीच. त्यांची त्यांनीच घालून घेतली होती. आज माझी पासष्टी उलटली, गुडघे बोलायला लागले, बायको म्हणते आता तरी घरात बसा. पण पाण्याकाठी गळ टाकून बसलो की मला दुसरं काही लागत नाही. हे सुख मला गणबाजींनी दिलं. त्यांच्या वाट्याचं दिलं, असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि त्यामुळे ते सुख मी कधी निर्धास्तपणे भोगलं नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अकोल्यात कंपाउंडरची परीक्षा देऊन मी पूर्णेकाठच्या सांगवी नावाच्या गावी दवाखान्यात लागलो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बैलांच्या दमणीत बसून यायचे. बाकीचे दिवस मी आणि तीन बाटल्या : खोकल्याची लाल, पोटाची पांढरी आणि तापाची कडू. गावच्या विहिरींचं पाणी खारट, माणसं तोंडानं फटकळ, आणि सकाळी दहा वाजता कडूची बाटली हलवून झाली की दिवसभर करण्यासारखं काही नाही. तेवीस वर्षांच्या माणसाचा अशानं जीव जातो. शेवटी तेल्हाऱ्याच्या बाजारातून एक गळ आणला, बांबूच्या काठीला दोरा बांधला आणि गावाखालच्या डोहावर जाऊन बसलो.

तीन दिवस बसलो. मासोळीनं काही माझ्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी पाठीमागून आवाज आला, "कंपोंडर, तुमची सावली पान्यावर पडून राहिली."

मागे वळून पाहिलं तर उंच, काळासावळा, काटक माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला पांढरं पागोटं. दोन्ही हात पाठीमागे, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. मला वाटलं, पाठीत कळ आली असेल. नदीच्या काठाला लागून ज्यांची वांग्यामिरचीची वाडी होती ते गणबाजी माळी हेच.

"सावलीनं काय होतं?" मी विचारलं.

"तुमच्या छातीवर कोनी येऊन उभं राह्यलं तं तुमी जेवसान का?"

मी उठलो. त्यांनी हनुवटीनं एक बाभळीचं खोड दाखवलं, तिथे बसलो. गळाला लावलेली कणकेची गोळी त्यांनी लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "हे तं तुमच्या दवाखान्यातली गोयी दिसते. कोनी घेत नसन." मग वाडीत जाऊन, ओल्या मातीतली चार गांडुळं पळसाच्या पानात घालून आणली, माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवली आणि पुन्हा हात पाठीमागे नेले. पाऊण तासात मला पहिली शिंगटी लागली. बोटभर होती. तिनं मला काटा मारला, रक्त आलं, आणि मी असा खूष झालो की रक्ताकडे बघायचं भानच राहिलं नाही.

त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो. तसा चेला गुरूला शोभणारा नव्हता. सुरुवातीचे सहा महिने पालथ्या घड्यावर पाणीच होतं. पण गणबाजी चिकाटीचे. मोट संपली, वाफ्यांना पाणी देऊन झालं की ते डोहावर यायचे. कधी वांग्याच्या पाटीवर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टाकून दवाखान्यातच डोकवायचे आणि हळूच म्हणायचे, "आज वारं पडलं हाये." एवढंच. मी बाटल्यांना बुचं मारून निघायचो.

पाण्याकाठी ते मोठ्यानं बोलत नसत. मासोळीचं नाव तर घेतच नसत, 'ते' म्हणायचे. ते आलं, ते गेलं, ते इचार करून राह्यलं. पाण्यात कोणी पिंक टाकली तर त्या माणसाशी आठवडाभर अबोला. मला म्हणायचे, "घाई झाली तं मानसाले समजत नाही, पान्याले समजते." आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं : "मासोई भुकेनं नाही लागत, बेसावध झाली म्हंजे लागते. आन् मानूसबी तसाच." मला ते तेव्हा नुसतं ऐकायला बरं वाटायचं.

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. मला डोळे मिटून बसायला लावत. दोरा माझ्या उजव्या तर्जनीवर घ्यायचा आणि बोटाला काय कळतं ते सांगायचं. "खरवडल्यासारखं वाटतं," मी म्हणायचो. "झिंगा हाये. बसू द्या." "आता दोन झटके आले." "शिंगटी. पोरकट जात." एकदा दोरा नुसता जड झाला, काही हललं नाही. मी म्हटलं, खाली काही अडकलं वाटतं. गणबाजी माझ्या कानाशी वाकून श्वास धरून म्हणाले, "अडकलं नाही. तिनं गियलं हाये अन् आता तुमी काय करता ते पाहून राहिली. मरळ हाये. दहा मोजा." मी सातालाच ओढलं. मरळ गेली. डोळे उघडले तर गणबाजींच्या कपाळावर घाम होता आणि पाठीमागचं मनगट त्यांनी असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही टाकत गळ?" तर म्हणाले, "मायं काय, मी म्हातारा." पन्नाशीसुद्धा गाठलेली नव्हती.

त्याचं उत्तर मला त्यांच्या घरी मिळालं, आणि ते माझ्या मूर्खपणामुळे.

पहिली चांगली मरळ, दीड हात लांब, मी धरली तो दिवस. त्या दिवशी गणबाजी डोहावर नव्हते, अकोल्याला वांगी घेऊन गेले होते. मला वाटलं, गुरुदक्षिणा द्यावी. मरळ ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांची बायको सोनाबाई सारवत होती. फडक्यातून शेपटी बाहेर आलेली पाहिली आणि तिनं शेणाचा हात तसाच वर केला.

"तिथंच थांबा. उंबऱ्याच्या आत आनू नोका."

"वहिनी, गणबाजींमुळे मिळाली. म्हटलं—"

"त्याईच्यामुळंच म्हनून आनू नोका."

मी मरळ लांब लिंबाखाली ठेवून आलो. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सारवता सारवता सांगितलं. पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून परत उचलून आणला आणि नाव ठेवलं उकंडा, की मरणालाही त्याची किळस यावी. तो सात वर्षांचा झाला आणि त्याला ताप भरला. नवव्या दिवशी डोळे फिरले. गणबाजी तेव्हा आसपासच्या दहा गावांत गळाचा बादशहा. भोईसुद्धा त्यांना विचारून जाळं टाकायचे. जाणत्या बाया म्हणाल्या, डोहातल्या आसरा कोपल्या. बाप रोज त्यांची लेकरं उचलून नेतो, त्यांनी याचं धरलं.

डोहाच्या वरच्या अंगाला सात शेंदरी दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्यातल्या देवी. गणबाजी भर दुपारी तिथे गेले, काठी मोडून दगडांपुढे ठेवली आणि म्हणाले, "तुया घरचं लेकरू मी आता नेत नाही. मायं एक तू ठेव."

"तिसऱ्या दिवशी पोरगं भाकर मांगे," सोनाबाई म्हणाली. "आता बडनेऱ्याले रेल्वेत सांधेवाला हाये. चौदा वर्स झाले. यायनं ना काठी धरली, ना दोरा, ना खाल्लं. नेम पायतात. पन मी काय म्हनते कंपोंडर, हात नाही लावत, जीव तं लावूनच राहिले ना? आसरा काय फक्त हातच पायते?"

मग मला सगळा उलगडा झाला. काठीला हात नाही, दोऱ्याला नाही, गळाला नाही. पण गांडूळ वाडीच्या मातीतलं, ते आसराचं लेकरू नव्हे, म्हणून चालतं. हनुवटीनं जागा दाखवलेली चालते. माझ्या बोटाला काय लागतं ते विचारलेलं चालतं. दुधाची तहान ताकावर भागवत होते बिचारे, आणि त्यांचं ताक मी होतो. मी वैद्यकीची चार पुस्तकं वाचलेला माणूस. नवव्या दिवशी चढलेला ताप बाराव्या दिवशी उतरतो यात मला देवीचा हात दिसत नव्हता. ते मी गणबाजींना एकदा शहाणपणानं सांगूनही पाहिलं. ते हसले. "तुमचं बराबर असन," म्हणाले. "पन ते तुमचं पोट्टं नाही ना."

खरं म्हणजे मी त्याच वेळी गळ टाकणं बंद करायला हवं होतं. सोनाबाईनं जवळजवळ तेच सांगितलं होतं. पण संध्याकाळी वारं पडलं की मी निघायचोच. आणि ते यायचेच.

चौथ्या वर्षीची गोष्ट. कार्तिक महिना, पाणी निवळलेलं. मी खोडावर बसलो होतो, गणबाजी मागे उभे. दोऱ्याला बांधलेलं तरंगतं मोराचं पीस एकदम खाली गेलं, आणि मी उठून ओढ घेतो न घेतो तोच काठी माझ्या हातून सुटते की काय असं झालं. एवढा जोर मी कधी पाहिला नव्हता. मी पुढे ओढला गेलो, शेवाळावरून पाय घसरला आणि पाण्यात आलो. काठी सुटली. दोरा पाण्यावर चर्र करत जाऊ लागला.

मी पाण्यातून वर तोंड काढलं तेव्हा दोरा गणबाजींच्या हातात होता.

काठी त्यांनी बगलेत मारली होती आणि दोरा दोन्ही मुठींत. ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवलेला तो दोरा त्यांच्या तळव्यातून सरकत होता, ते कधी सोडत, कधी आवळत. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून नुसता बघत होतो. चार वर्षांत तो माणूस मी पाहिला नव्हता. पागोटं पडलं होतं, तोंड उघडं होतं, आणि ते हसत होते. लहान मूल हसतं तसं, आवाज न करता. मासा डोहाच्या मधोमध एकदा वर आला, ताटाएवढं तोंड दिसलं, कतला होता. गणबाजी त्याच्याशी बोलत होते. "ये बापा, ये. अठरा वर्सं झाले. ये."

अर्ध्या घटकेनं त्यांनी त्याला काठाच्या उथळ पाण्यात आणलं, खाली बसून त्याच्या कल्ल्याशी हात घातला, आणि तिथेच थांबले. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांना दोऱ्यानं चिरा पडून रक्त येत होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू कसं गेलं हे मला सांगता येणार नाही. त्यांनी गळ काढला. माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरून पुढे-मागे हलवत राहिले, कितीतरी वेळ, तो शेपूट मारून निघून जाईपर्यंत. मग वाळूत बसले.

मी घाबरून म्हणालो, "गणबाजी, मी बुडत होतो. मला वाचवायला धरलात तुम्ही. असंच झालं. मी सगळ्यांना असंच सांगेन."

"लोकाईले सांगसान," ते म्हणाले. "तिले कोन सांगन? ते पान्यातच होती. पानी तुमच्या कमरेइतकं होतं, तिनं पाह्यलं." थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "अन् मले मजा आली, तेबी पाह्यलं."

त्या दिवसापासून ते डोहावर यायचे थांबले आणि पोस्टमनची वाट पाहू लागले. बडनेऱ्याचं पत्र आलं की माझ्याकडून वाचून घेत. "तब्येत बरी लिवते ना? बराबर वाचा. सोडलं तं नाही काही?" मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दाखवी. अक्षर त्यांना येत नव्हतं, तरी ओळी मोजत.

मार्गशीर्षात पत्राऐवजी माणूस आला. उकंडाला अकरा दिवस ताप होता.

गणबाजी आणि सोनाबाईबरोबर मीही निघालो. डॉक्टरांची परवानगी काढली, औषधांची पेटी घेतली. छकड्यानं अकोला, तिथून गाडीनं बडनेरा. मूर्तिजापूर गेल्यावर एका नाल्याच्या पुलावरून गाडी जाऊ लागली, तेव्हा गणबाजींनी खाली पाणी दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतले.

रेल्वेच्या खोलीत उकंडा पडला होता. बापासारखाच उंच, हाडं वर आलेली, जिभेवर पांढरा थर. मुदतीचा ताप होता, तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्याला तेव्हा औषध असं नव्हतंच. अंग पुसायचं, उकळलेलं पाणी द्यायचं, एकवीस दिवस मोजायचे. मी आणि सोनाबाई आळीपाळीनं बसायचो. गणबाजी खोलीत येत नसत. बाहेर पायरीवर हात मांडीखाली दाबून बसायचे. पोराच्या अंगाला हात लावायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती. सोनाबाई त्यांना काहीच बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सतराव्या दिवशी औषध आणायचं निमित्त सांगून मी अकोल्याला आलो, आणि अकोल्याहून सांगवीला गेलो. वाटेत कासाराकडून हिरवा चुडा आणि बाजारातून खण घेतला. कासारीण म्हणाली, "कोनाचं लगीन हाये साहेब?" मी काहीतरी सांगितलं. चुडा आणि खण त्या सात दगडांपुढे ठेवले आणि हात जोडून म्हटलं की गळ माझा होता, काठी माझी होती, दोष मला लागू दे. वैद्यकीची चार पुस्तकं वाचलेल्या माणसानं हे केलं. कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पोरगं तापात बरळायला लागलं की उतरावं लागतं.

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. कोणामुळे उतरला याची चर्चा मी केली नाही.

पेज खाऊन उशीला टेकून बसण्याइतकी ताकद आल्यावर एका सकाळी उकंडा माझ्याशी बोलला. सोनाबाई नळावर गेली होती. गणबाजी पायरीवर होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तो बोलत होता, आणि मला वाटतं, मुद्दाम.

"कंपोंडरसाहेब, डोहावरचं समदं मले मायनं सांगतलं. तुमाले एक इचारू? म्या म्हनलं होतं का त्याईले, का मायासाठी सोडा म्हनून? सात वर्साचा होतो. तवापासून मी शिंकलो तरी बाबा मायाकडे नाही पायत, सोताच्या हाताकडे पायतात. गावात समदे म्हनत, तुया बापासारखा गय टाकनारा झाला नाही. म्या तं एकडावबी नाही पाह्यलं. तुमी पाह्यलं."

"पाहिलं," मी म्हटलं.

"कसे दिसत होते?"

मी खरं ते सांगितलं. हसत होते, म्हटलं.

उकंडा दाराकडे तोंड करून म्हणाला, "बाबा, उद्या सांगवीले जा. गय टाका. मी मेलो तं मेलो. असं तुमाले उपाशी ठिवून जगन्याचा मले कंटाया आला."

गणबाजी पायरीवरून उठून आत आले. मला वाटलं पोराला मारतात. त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या आजारात पहिल्यांदाच त्याला हात लावला, तोंड दाबून धरायला. "नोको बोलू असं," म्हणाले. "ते ऐकते. पुलाखालून, नयातून, कुठूनबी ऐकते. परत नोको बोलू." उकंडाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बापाच्या बोटांवरून ओघळलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर गणबाजी सांगवीला राहायला आलेच नाहीत. वाडी भावाला दिली आणि दोघं नवरा-बायको बडनेऱ्याला मुलाजवळ राहिली. पोरगं पुन्हा असं काही बोलू नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची होती, असं सोनाबाई म्हणाली. नवा नेम केला : नदीचं तोंड पाहायचं नाही. माळ्याचा माणूस, जन्म पाण्याकाठी गेलेला, तो रेल्वेच्या कोळशाच्या राखेत चार वांगी लावून बसला.

मी अमरावतीला जाता-येता बडनेऱ्याला गाडी बदलायचो, तेव्हा भेटून यायचो. मी गळ सोडला नव्हता. सोडायचं ठरवलं होतं, महिनाभर सोडलाही. पण ज्याला त्यांनी डोळे मिटून बोटानं पाणी ऐकायला शिकवलं, त्यानं ते सोडायचं कसं? पहिल्या भेटीत मी सहज बोलून गेलो की डोहावर परवा एक वाम लागली, हातभर. गणबाजींनी मान वर केली. "कोन्या अंगाले? बाभयीच्या? पानी गढूय होतं का?" मी सांगत गेलो. त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली, डोळे बारीक झाले, आणि पाच मिनिटं आम्ही दोघं बडनेऱ्यात नव्हतोच. मग ते एकाएकी थांबले.

"बस. आता नोका सांगू," म्हणाले. "ऐकून मजा वाटते मले. मजा वाटली म्हंजे धरल्यासारखंच हाये."

तेव्हापासून तेही बंद झालं. भेटलो की पिकाचं विचारायचे, डॉक्टरांचं विचारायचे, माझ्या लेकरांची नावं विचारायचे. उकंडाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. तो बापाशी नीट वागायचा, पण दोघांत फारसं बोलणं नव्हतं. एकमेकांना जिवंत ठेवण्यात दोघं इतके गुंतले होते की बोलायला उसंत नव्हती. मला त्या घरातून निघताना दर वेळी अपराध्यासारखं वाटायचं आणि दर वेळी आठवड्याच्या आत मी डोहावर असायचो.

शेवटचे दिसले ते स्टेशनवर. माझी बदली तेल्हाऱ्याला झाली होती आणि मी बहिणीकडे नागपूरला चाललो होतो. गाडी बदलायची नव्हती, म्हणून पत्र टाकून कळवलं होतं. गणबाजी फलाटावर आले होते. पागोटं गेलं होतं, डोक्याला नुसतं फडकं. पाठीत वाकले होते. मागे पाच-सहा पावलांवर उकंडा उभा, कामाच्या कपड्यांत. गणबाजींनी खिडकीतून माझ्या हातात वांग्यांचं गाठोडं दिलं. सोनाबाईचं कसं आहे, मी विचारलं. बरं हाये, म्हणाले. तुम्ही? बरा हाये. तेल्हारा चांगलं हाये का? चांगलं आहे. एवढं बोलून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सांगवी सोडायच्या आदल्या दिवशी मी डोहावर जाऊन आलो होतो. ते त्यांना ठाऊक असणार. कारण तसा मी जाणारच, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

शिट्टी झाली. गाडी हलली. गणबाजी दोन पावलं खिडकीबरोबर चालले आणि एकदम, उकंडाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "डोहात पानी किती हाये?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले. घट्ट. पण चालायचे थांबले नाहीत. कान झाकलेले, तोंड किंचित उघडं, आणि डोळे माझ्या ओठांवर. मागे उकंडा आम्हा दोघांकडे बघत होता.

मी ओठ मिटून घेतले. फलाट संपेपर्यंत ते तसेच, कान झाकून, माझ्या तोंडाकडे बघत गाडीबरोबर चालत होते.